पावसात उभी पोकलेन आणि पुन्हा पुन्हा फुटणारी सील किट

संपादक महोदय,

चतुर्थी उरकून पाऊस ओसरला की गोव्यातल्या डिचोली, सांगे, केपे या खाणभागांत चार महिने उभी असलेली पोकलेन (खोदकामाची) यंत्रे बाहेर निघतात आणि आठवड्याभरात त्यांचे हायड्रॉलिक सिलिंडर (तेलाच्या दाबाने यंत्राचे हात हलवणारी नळकांडी) गळू लागतात. सील किट (तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच) बदलले जाते, महिन्याभरात पुन्हा गळती. मग खापर फुटते ते किटवर, ‘डुप्लिकेट निघाले’ म्हणून. बाजारात डुप्लिकेट माल आहेच, नाही असे नाही. पण पावसाळ्यानंतरच्या गळतीत खरा दोष बहुधा रॉडचा, म्हणजे सिलिंडरमधून आत-बाहेर होणाऱ्या दांड्याचा असतो. 2012 आणि 2018 च्या खाणबंदीत वर्षानुवर्षे उभी राहिलेली यंत्रे आता पुन्हा कामाला लागत असतील, तर त्यांच्या बाबतीत हे दुप्पट खरे.

रॉडवरचा क्रोमचा थर जेमतेम 0.02 ते 0.05 मिलिमीटर जाड असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. खारी, दमट हवा या भेगांतून खालच्या पोलादापर्यंत पोचते. गंज आतून फुगतो आणि वरचा क्रोम टवका होऊन निघतो. यंत्र रोज चालत असेल तर रॉडवर तेलाचा पातळ थर राहतो, म्हणून हे घडत नाही. उभ्या यंत्राचा थर पहिल्या दोन सरींत धुऊन जातो.

त्यात आपली यंत्र उभे करायची पद्धत चुकीची. जागा वाचावी म्हणून ऑपरेटर आर्म (पुढचा हात) आत ओढतो, बकेट आत वळवतो आणि बूम (यंत्राकडचा मुख्य हात) खाली टेकवतो. असे केले की आर्म आणि बकेट या दोन्ही सिलिंडरचे रॉड पूर्ण बाहेर, उघडे पडतात. पावसाळ्यासाठी उलट करायचे: आर्म पुढे लांबवायचा, बकेट उघडायची, बूम खाली घ्यायचा. यंत्र लांबलचक पसरते, जागा जास्त लागते, पण दोन्ही रॉड सिलिंडरच्या आत राहतात. बूमच्या रॉडचा जो तुकडा तरीही बाहेर उरतो त्याला ग्रीस फासावे. सुरू करण्यापूर्वी मात्र ते ग्रीस कापडाने पूर्ण पुसून काढलेच पाहिजे. त्यात चिकटलेली लाल धूळ वायपरखालून (धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या सीलखालून) आत गेली तर ग्रीस लावून उलट नुकसानच. हायड्रॉलिक तेलाच्या टाकीच्या तळाचा प्लग सैल करून साचलेले पाणीही आधी काढावे.

रॉड गंजलाच असेल तर पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासू नये. तसे पडलेले ओरखडे तेलाला सरळ बाहेरची वाट करून देतात. खड्ड्याची वर आलेली कड तेवढी ऑइल स्टोनने (घासायच्या बारीक दगडाने), रॉडच्या घेराच्या दिशेने उतरवावी. नख अडकण्याइतका खड्डा रॉडच्या सीलखालून सरकणाऱ्या पट्ट्यात असेल तर घासून काही होत नाही. क्रोम उतरवून, ग्राइंड करून, नव्याने क्रोम चढवून पुन्हा मापात ग्राइंड करणे हाच उपाय. बरेच जण त्यासाठी रॉड घाटावर पाठवतात. क्रोमनंतर रॉड भट्टीत साधारण 200 अंशांवर काही तास तापवला की नाही, हे जरूर विचारावे. प्लेटिंगमध्ये, म्हणजे क्रोम चढवताना, पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर काढला नाही तर कडक केलेला रॉड ठिसूळ होऊन तडकू शकतो.

जुने सील फेकण्यापूर्वी एकदा नीट बघा, रोग तिथेच लिहिलेला असतो. कडक होऊन तडे गेले असतील तर तेल तापते आहे, कूलर बघा. दाबाच्या उलट बाजूची कड कुरतडल्यासारखी असेल तर वेअर रिंग (रॉड-पिस्टनला मधोमध धरणारी कडी) झिजल्या आहेत आणि सील फटीत ढकलले जात आहे. एकाच बाजूला झीज असेल तर पिन-बुश (सांध्याची खीळ आणि तिची बाही) ढिले किंवा रॉड वाकलेला. कड जळून काळी झाली असेल तर सिलिंडरमध्ये हवा राहिली होती; दाबाखाली तेलाची वाफ हवेसकट पेटते.

वाक बघायला रॉड व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवून डायल गेज लावावा. डायल वाकाच्या दुप्पट आकडा दाखवतो, हे लक्षात ठेवावे. मीटरमागे अर्धा मिलिमीटर वाक म्हणजे हद्द झाली. बॅरलचा (सिलिंडरच्या नळीचा) बोअर, म्हणजे आतला व्यास, बोअर गेजने तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे मोजावे. ओरखडा जाईपर्यंत होन करत (आतून घासत) सुटू नये. बोअर वाढला की फट वाढते, आणि तीनशे-साडेतीनशे बारच्या दाबाला नवे सीलही त्या फटीत पिळून निघते.

बकेट आपोआप उघडते म्हणून लगेच सिलिंडर उघडण्याचीही घाई नको. बकेट पूर्ण आत वळवून बूम टेकवा, इंजिन बंद करून लीव्हर हलवून दाब सोडा. मग बकेट सिलिंडरचा रॉडकडचा होस (तेलाची नळी) काढा, होसला प्लग लावा, सिलिंडरचे तोंड उघडे ठेवा. माणसे बाजूला ठेवून इंजिन चालू करा आणि लीव्हर बकेट आत वळवण्याच्याच दिशेला दाबा. उलट दिशेला चुकूनही नको. त्या तोंडातून साचलेले तेल संपल्यावरही धार येत राहिली तर पिस्टनचे (रॉडच्या आतल्या टोकावरच्या दट्ट्याचे) सील गेले. धार थांबली तर दोष व्हॉल्व्हकडे आहे आणि किटचे पैसे वाचले.

जोडताना रॉड सीलचा ओठ तेलाकडे, वायपरचा बाहेर. स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळावी. पिस्टन नट हातोडा आणि गॅसने नव्हे, कंपनीच्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळावा. तो सुटला तर गळतीवर भागत नाही, पिस्टनच रॉडवरून निघतो. जोडून झाल्यावर इंजिन आयडलवर (सर्वांत कमी वेगावर) ठेवून, टोकाला न ठोकता, चार-पाच वेळा सावकाश चालवून हवा काढावी.

आणि बारीक गळती हाताने शोधू नका, पुठ्ठा वापरा. सुईएवढ्या छिद्रातली धार कातडीतून आत शिरते. बाहेरून टोचल्याएवढेच दिसते, पण तासाभराचा उशीरही बोट घालवू शकतो. मलमपट्टी न करता थेट बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज रुग्णालयात) न्या आणि हायड्रॉलिक तेल टोचले असे स्पष्ट सांगा.

सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटरच्या आसपास तेल जाते. ते पावसात ओहोळाला मिळते, आणि सांगे भागात ओहोळ कुठे जातात हे साळावली धरणाचे पाणी पिणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून सरकारी खाते असो वा खाणचालक, भाड्याने यंत्र घेताना सिलिंडरच्या शेवटच्या दुरुस्तीचे बिल मागावे. त्यावर रॉडचा व्यास, वाक, बोअरची मापे आणि नटचा टॉर्क नसेल तर फक्त किट बदलले असे धरून चालावे.

– हायड्रॉलिक दुरुस्ती कारागीर, कुडचडे