घोडेस्वाराला मदत द्यायची, तर ती पदकाच्या आधी द्या

प्रति,
मा. संपादक,

विषय : इव्हेंटिंग या घोडेस्वारी प्रकारातील स्वार, प्रशिक्षक व पंच यांच्यासाठी अनुदाने आणि शिष्यवृत्त्या

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर ग्रामीण खेळाडूंसाठी असलेल्या शिष्यवृत्त्यांची माहिती अलीकडे वाचनात आली. कुस्ती, तिरंदाजी, कबड्डी यांविषयी तीत सविस्तर लिहिले होते. घोडेस्वारीचा मात्र उल्लेखही नव्हता. पण त्याचा दोष लेखकाला देता येत नाही, कारण या खेळापुरते लिहिण्यासारखे आपल्याकडे फारसे काही अस्तित्वातच नाही. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला पशुवैद्यक आहे. नोकरी विदर्भातल्या तालुक्याच्या दवाखान्यांत गेली आणि घोड्यांशी संबंध आला तो टांग्याच्या व वरातीच्या घोड्यांमुळे, पुढे एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी (घोडे व पशुवैद्यक) शाखेमुळे. घोडेस्वारांच्या मदतीचा पैसा आज ज्या क्रमाने दिला जातो, तो क्रमच उलटा आहे, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

ज्या वाचकांना इव्हेंटिंग हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकाच स्वाराने एकाच घोड्यावर तीन परीक्षा द्यायच्या, असा हा खेळ आहे : आखीव रिंगणातली शिस्तबद्ध चाल म्हणजे ड्रेसाज, मोकळ्या रानातून ओंडके, चर आणि पाणी ओलांडत ठरावीक वेळात पूर्ण करायची क्रॉस-कंट्री, आणि शेवटी रिंगणातल्या आडव्या दांड्यांवरून उड्या, म्हणजे शो जंपिंग. मुळात ही घोडदळाच्या अधिकाऱ्यांची कसोटी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ती प्रथम आली आणि स्त्रियांना तीत भाग घ्यायला १९६४ चे टोकियो ऑलिंपिक उजाडावे लागले. गुण येथे दंडाचे असतात, म्हणजे ज्याचे कमी तो पुढे. टोकियोतच २०२१ मध्ये आपल्या फवाद मिर्झांनी सेन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर ड्रेसाजमध्ये २८ दंडगुण घेतले आणि त्या टप्प्यानंतर ते नवव्या स्थानी होते. क्रॉस-कंट्रीत घोडा एकाही अडथळ्याला अडला नाही, पण ठरलेल्या वेळेपेक्षा २८ सेकंद जास्त लागले आणि सेकंदाला ०.४ या हिशेबाने ११.२ गुण वाढले. दोन फेऱ्यांच्या उड्यांनंतर एकूण ५९.६ झाले व त्यांना तेविसावा क्रमांक मिळाला. इतक्या बारीक हिशेबाच्या खेळात सराव, घोडा आणि तो तपासणारा पंच या तिन्ही गोष्टी बरोबरीने लागतात, हे यावरून ध्यानात यावे.

हा खेळ भारताला परका नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकले आणि सांघिक सुवर्णही आपल्याकडेच आले; २०१८ मध्ये जकार्ता येथे मिर्झा आणि त्यांच्या संघाने दोन्ही प्रकारांत रौप्य मिळवले. परंतु हे स्वार आले कुठून ते पाहा. रघुबीर सिंग लष्कराच्या पागेतून आले. मिर्झांच्या घोड्यांचा भार बेंगळुरूच्या एम्बसी उद्योगसमूहाने उचलला आणि त्यांचा सराव जर्मनीत झाला, कारण घोड्यांच्या रोगांविषयीच्या निर्बंधांमुळे भारतातून घोडा युरोपात नेणे जवळजवळ अशक्य होते. (२०२५ मध्ये मेरठ येथील रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्राला रोगमुक्त म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाल्याने ही वाट आता थोडी मोकळी होत आहे.) ज्याच्यामागे फौजही नाही आणि उद्योगपतीही नाही, असा स्वार शेतकऱ्याच्या घरातून वर यावा, अशी व्यवस्था आपण कधी उभीच केली नाही.

मदतीच्या योजना नाहीत असे नाही. ऑलिंपिक पदकाच्या दावेदारांसाठी केंद्राने २०१४ मध्ये सुरू केलेल्या टॉप्स योजनेत निवडक खेळाडूंना प्रशिक्षणाच्या खर्चाशिवाय दरमहा ५०,००० रुपये मिळतात आणि मिर्झांची निवड तीत झाली होती. खेलो इंडियाच्या खेळाडूला वर्षाला सुमारे सव्वासहा लाखांचे साहाय्य आहे. आपल्या राज्याच्या मिशन लक्ष्यवेधने बारा खेळ निवडले. त्यांत नेमबाजी आहे, सेलिंग आहे, रोईंगही आहे, पण घोडेस्वारी नाही. ज्या राज्याचा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला असे आपण प्रत्येक भाषणात म्हणतो, त्या राज्याच्या यादीत शिडाच्या होडीला जागा मिळते आणि घोड्याला मिळत नाही, याची गंमत वाटते.

आता घोडे नेमके कुठे पेंड खाते ते सांगतो. आमच्या तालुक्यातली एका कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी महाविद्यालयात असताना एनसीसीत घोडेस्वारी शिकली. तिची बैठक चांगली आहे आणि घोड्याच्या तोंडावर तिचा हात हलका आहे, जे शिकवून सहसा येत नाही. क्रीडा साहाय्याचा अर्ज घेऊन ती एका कार्यालयात गेली, तेव्हा मी सोबत होतो. अर्जात ‘खेळाडूचे साहित्य’ असा रकाना होता. तिने त्यात हेल्मेट, बूट, खोगीर असे लिहून खाली ‘घोड्याची चंदी व नालबंदी’ असे लिहिले. बाबूंनी त्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारली आणि म्हणाले, “हे साहित्यात बसत नाही, ताई. आणि राज्यस्तराचे प्रमाणपत्र कुठे आहे?” ते गृहस्थ वाईट नव्हते; त्यांच्यासमोर जो छापील कागद होता, त्यानुसार ते बरोबरच बोलत होते. पण प्रमाणपत्र मिळायला स्पर्धा हवी, स्पर्धेला घोडा हवा, घोडा ठेवायला पैसा हवा आणि पैसा प्रमाणपत्र दाखवल्यावर मिळणार. धावणारी मुलगी जुन्या बुटांत जिल्हा जिंकू शकते, पण घोड्याशिवाय इव्हेंटिंगची पहिली पायरीही चढता येत नाही.

घोड्याचा खर्च म्हणजे त्याच्या खरेदीची किंमत, असा सर्वसाधारण समज आहे. खरेदी एकदाच होते. बाकीचे रोज चालते. हरभरा, गव्हाचा कोंडा, कुटार, हिरवा चारा, खरारा करणारा मोतद्दार, साधारण दीड महिन्याने येणारा नालबंद, आणि स्पर्धेला न्यायचे तर ट्रक. त्यात ग्लँडर्सची रक्ततपासणी करून दाखला घ्यावा लागतो आणि तो घ्यावाच, कारण हा रोग माणसालाही होतो व बाधित जनावर मारावे लागते. नालबंद हा तर स्वतंत्र प्रश्न आहे. आमच्याकडे बैलाला पत्री ठोकणारे कारागीर अजून सापडतात, पण उड्या घेणाऱ्या घोड्याचा खूर किती तासायचा हे जाणणारा शोधायला नागपूर गाठावे लागते. खूर वाकडा तासला गेला, की घोडा महिनाभर लंगडतो आणि स्वाराचा हंगाम संपतो. अशा कारागिराला सहा महिन्यांचे विद्यावेतन देऊन लष्कराच्या एखाद्या पागेत शिकायला पाठवले, तर ते एका स्वाराच्या परदेशवारीपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल आणि लाभ सगळ्या जिल्ह्याला होईल.

हीच गोष्ट पंचांची. इव्हेंटिंगची स्पर्धा केवळ मैदान आणि घोडे असून भरवता येत नाही. मार्ग आखणारा, तो सुरक्षित आहे की नाही हे तपासणारा तांत्रिक प्रतिनिधी, ड्रेसाजचे परीक्षक, नियम पाळले जातात की नाही हे पाहणारे स्टुअर्ड, घोड्यांची तपासणी करणारे पशुवैद्यक आणि क्रॉस-कंट्रीच्या प्रत्येक अडथळ्यापाशी पाटी-पेन्सिल घेऊन बसणारा एकेक निरीक्षक लागतो. घोडा अडथळ्यापुढे पहिल्यांदा थांबला तर वीस दंडगुण, त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा थांबला तर चाळीस, स्वार पडला तर बाद. आणि हा निर्णय डोळ्यांदेखत, क्षणात करायचा. शो जंपिंगची दांडी धक्का लागताच पडते. क्रॉस-कंट्रीचे ओंडके मात्र पक्के असतात, तिथे घोडा उलटला तर स्वाराच्या जिवावर बेतते. म्हणून जोराचा आघात होताच मोडणाऱ्या खुंट्या आता बसवल्या जातात आणि त्या कुठे बसवायच्या हे शिकलेल्या माणसालाच कळते. असा माणूस जवळपास नसेल तर स्पर्धा होत नाही, आणि स्पर्धा होत नसेल तर वर सांगितलेले प्रमाणपत्र आकाशातून पडणार नाही.

अमेरिकेतल्या इव्हेंटिंग संघटनेच्या प्रतिष्ठानाने हे ओळखले आहे. तेथे रेबेका ब्रूसार्ड यांच्या नावाने उदयोन्मुख स्वारांना मोठी अनुदाने मिळतात, हौशी स्वारांना शिकण्यासाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, आणि रॉजर हॅलर यांच्या नावाचा एक निधी तर केवळ पंच व अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आहे. हे हॅलर म्हणजे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा क्रॉस-कंट्री मार्ग आखणारे. त्या ऑलिंपिकमध्ये आपले इंद्रजित लांबा उतरले होते. पैसा तिकडे जास्त आहे हे खरेच, पण तो कुणाकुणाला द्यायचा याचा विचार फुकट घेता येतो. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाची सॉलिडॅरिटी योजना आणि ऑलिंपिक सॉलिडॅरिटी यांतूनही प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमांना मदत होते. मात्र ती राष्ट्रीय संघटनांमार्फत येते आणि आर्वी-आष्टीपर्यंत तिची बातमीसुद्धा पोचत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. जिथे कपाशीला भाव नाही आणि शेतकऱ्याच्या घरात मरणाची बातमी येते, तिथे श्रीमंतांच्या खेळाला अनुदान कशासाठी? हा खेळ श्रीमंतांचा राहिला आहे तो अनुदान नसल्यामुळेच, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे, की मी परदेशी घोडे विकत घ्या असे म्हणत नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडी येथे गवळाऊ गोवंशाचे शासकीय प्रक्षेत्र आहे. दुडकीत पळणाऱ्या या बैलांची कीर्ती जुनी आहे आणि शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, गर्दी पाहिली, की धावत्या जनावराची पारख इथल्या माणसाला उपजत आहे हे कुणीही मान्य करील. काळी जमीन पावसात चिकट होते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती घोड्याच्या पायाला वाईट. पण कारंजा घाडगे भागातली मुरमाड बरड जमीन, जी पिकाला फारशी उपयोगाची नाही, ती क्रॉस-कंट्रीला उत्तम. नागपूरला पशुवैद्यक विद्यापीठ आहे, तेथून पशुवैद्यक अधिकारी तयार होऊ शकतात. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांचे पथक नेणारे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शारीरिक शिक्षक घडवतेच. त्यांतल्या काहींना घोडेस्वारी प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करण्यासाठी विद्यावेतन द्यायला काय अडचण आहे?

तेव्हा क्रीडा खात्याकडे मागणी एवढीच आहे, की घोडेस्वारीच्या अर्जात घोड्याच्या पोषणाचा, नालबंदीचा व वाहतुकीचा रकाना घालावा. पहिल्या दोन वर्षांसाठी पदकाऐवजी प्रशिक्षकाची शिफारस आणि प्रत्यक्ष चाचणी ग्राह्य धरावी. आणि जी काही तरतूद होईल तिचा निम्मा वाटा स्वारांना देऊन उरलेला प्रशिक्षक, पंच आणि नालबंद यांच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. शिक्षणासाठी निम्मा हा आकडा काहींना जास्त वाटेल. मला तो कमीच वाटतो, कारण एक स्वार खेळ सोडून गेला तर त्याच्यावरचा खर्च त्याच्यासोबत जातो, तर तालुक्यात राहणारा एक मार्ग-आखणीकार पुढच्या अनेक वर्षांच्या स्पर्धांना पुरतो.

विदर्भात घोडा जोरात पळवता येईल असा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच असतो. मार्चपासून ऊन जनावराला सोसत नाही. यंदा काही व्हायचे असेल, तर निर्णय दिवाळीपूर्वी व्हायला हवा. आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी या संदर्भात संबंधित अधिकाऱ्यांना विचारणा करून त्यांचे म्हणणे छापावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक
ता. आर्वी, जि. वर्धा