रोज शह-काटशह छापता, मग एखादा एंडगेम पण छापा की!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज कुठं ना कुठं शह-काटशह असतोच. अमक्यानं तमक्याला शह दिला, तमक्यानं आपलं प्यादं पुढं सरकवलं, महापालिका असो नाहीतर दूध संघ. खऱ्या बुद्धिबळाची बातमी मात्र ढाल घेतलेल्या पोरांच्या ग्रुप फोटोपुरती, डाव कसा झाला, एंडगेममध्ये (सोंगट्या थोड्या उरल्यावरचा डावाचा शेवटचा भाग) काय झालं, त्याची एक ओळ नाही. राग मानू नका, तक्रार पेपरवर नाही, म्हणजे थोडी आहे, ती शेवटी सांगतो.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, पोरगी सातवीत आहे, दोन वर्षं झाली बुद्धिबळाच्या क्लासला जातीय. क्लास कुठला ते लिहीत नाही कारण सगळीकडं साधारण तेच चाललंय. दिवाळीच्या सुट्टीत एका स्पर्धेत शेवटच्या राउंडला तिच्याकडं हत्ती आणि एक प्यादं, समोरच्या पोराकडं नुसता हत्ती, आणि त्याचा राजा पण लांब अडवलेला. हिचं प्यादं सातव्या घरात, राजा त्याच्या पुढं आठव्या घरात, वजीर व्हायला एकच चाल बाकी. मी दोरीच्या बाहेरनं बघत होतो आणि मनात पेढे आणायला महाद्वार रोडवर पोचलो पण होतो. पण राजा बाहेर काढला की शह, परत आत, परत बाहेर, परत शह, असं वीसएक चाली चाललं, घड्याळ संपत आलं आणि घाईत हातचं प्यादं गेलं. बरोबरी. घरी येताना गाडीवर मागं बसून रडत होती, म्हणाली पप्पा मी कुठं चुकले ते सांगा, आणि मला सांगता येईना, कट्ट्यावर वीस वर्षं खेळतोय मी!

रात्री मोबाइलवर शोधलं तर ही पोझिशन जवळजवळ चारशे वर्षं जुनी निघाली. साल्व्हिओ नावाच्या इटालियन माणसानं 1634 च्या पुस्तकात दिलेली, पण नाव पडलंय लुसेनाचं, आणि त्याच्या 1497 च्या पुस्तकात ही पोझिशन नाहीच. म्हणजे काम एकाचं आणि बोर्डावर नाव दुसऱ्याचं हे फक्त आपल्याकडंच नाही. असो. उत्तर एवढंच की राजा घाईनं बाहेर काढायचा नाही, आधी हत्ती आपल्या बाजूनं चौथ्या ओळीत आणून ठेवायचा, मग राजा काढायचा, शह खात खात तो पाचव्या ओळीपर्यंत खाली आला की आपला हत्ती मध्ये आडवा घालायचा, शह बंद, प्यादं वजीर. ह्याला पूल बांधणं म्हणतात. अर्ध्या तासात पोरीच्या हातात बसलं, दुसऱ्या दिवशी तिनं मलाच काळ्याकडनं बसवून चार वेळा हरवलं.

मग माझा प्रश्न असा की दोन वर्षांत हा अर्धा तास कुणाला का मिळाला नाही? सिसिलियन नावाच्या सुरुवातीच्या दहा चाली तिला पाठ आहेत, फ्राइड लिव्हर नावाचा सुरुवातीचा सापळा पाठ आहे, पण समोरच्यानं चौथ्या चालीला काहीतरी वेडंवाकडं खेळलं की पाठांतर संपलं. आपल्याकडं तालमीत नवीन पोरगं आलं तर वस्ताद पहिल्याच दिवशी त्याला ढाक शिकवतात का? आधी माती उकरायला लावतात, दंड-बैठका काढायला लावतात. पण पालकांना पण (मी पण त्यातलाच) चार महिन्यांत ढाल पाहिजे असते, सापळ्यानं ती लवकर मिळते, मग क्लासवाले तरी काय करणार. 2025 ला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा वर्ल्डकप मारला तेव्हापासून आमच्या गल्लीतली निम्मी पोरं क्लासला लागलीत, चांगलंच आहे, पण ती पण सापळ्याच्याच रांगेत.

आता कोण म्हणेल टॅक्टिक्स (दोन-चार चालींचे डावपेच) महत्त्वाचे. आहेतच की. आमच्या लेव्हलला दहातले आठ डाव पिन (मागच्या मोठ्या सोंगटीमुळं पुढची हलूच शकत नाही ती) नाहीतर घोड्याच्या दुहेरी माऱ्यातच जातात. फक्त तीन मिनिटांत तीस कोडी सोडवायची शर्यत बंद करा, त्यात पोरं चाल शोधत नाहीत, अंदाज मारतात. मी पोरीला रोज पाचच कोडी देतो, समोरच्याचं सगळ्यात चांगलं उत्तर काय हे तोंडानं सांगितल्याशिवाय सोंगटीला हात लावायचा नाही. आणि टॅक्टिक वेगळं, एंडगेम वेगळा असं काही नसतंय. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, वर्ल्ड चॅम्पियनशिप, गुकेश आणि डिंग लिरेन, चौदावा आणि शेवटचा डाव. दोघांकडं हत्ती, उंट, गुकेशचं एक प्यादं जास्त, सगळं जग बरोबरी धरून बसलेलं. 55 व्या चालीला डिंगनं हत्ती एफ 2 वर (पटावर प्रत्येक घराला असं अक्षर-आकड्याचं नाव असतं) आणला. गुकेशनं हत्तीला हत्ती मारून घेतला आणि लगेच आपला उंट त्याच्या उंटासमोर आणला. डिंगचा उंट कोपऱ्यात ए 8 वर, पळायला जागाच नाही, मारामारी अटळ. उरले दोन राजे आणि दोन विरुद्ध एक प्यादी, 58 व्या चालीला डिंगनं डाव सोडला आणि अठरा वर्षांचा पोरगा वर्ल्ड चॅम्पियन. चाली मोजून तीन-चार, पण नुसत्या प्याद्यांचा डाव जिंकलेला आहे हे आधीपासनं माहीत पाहिजे, नाहीतर उंटाला उंट मारायचं डोक्यात येतच नाही.

स्टाईलबद्दल माझीच फजिती सांगतो. मी स्वतःला तालच्या जातीचा समजायचो, तोच मिखाईल ताल, 1960 ला बॉटविनिकला हरवून चॅम्पियन झालेला, सोंगट्या फेकून हल्ला करायचा. कट्ट्यावर एक रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांचं सगळं पेट्रोशियन या बचावात पक्क्या जुन्या चॅम्पियनसारखं, स्वतःचं काही करायचं सोडून आधी तुमचं काय चाललंय ते बंद करणार. ते मला सारखे हरवायचे आणि मी म्हणायचो मास्तर तुमचा खेळ बोअर आहे. मग गेल्या उन्हाळ्यात मी हरलेले डाव वहीत लिहून काढले, चाळीसेक निघाले, आणि बघतोय तर काय, वजिराला वजीर मारायची वेळ आली की मी प्रत्येक वेळी वजीर बाजूला घेतलेला, भले जागा वाईट मिळो. वजीर गेल्यावर पुढं काय करायचं ते मला येत नव्हतं! वीस वर्षं जी स्टाईल म्हणून मिरवली ती नुसती भीती होती. आता बिनधास्त वजीर मारून घेतो, मास्तरांशी पाचात दोन तरी सुटतात, आणि खोटं कशाला बोलू, हल्ले पण आता जास्त चांगले जमतात.

आयोजकांना एक विनंती. दहा-दहा मिनिटांचे डाव ठेवून वर बॅनरवर रॅपिड लिहू नका, फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमात दहा मिनिटं किंवा कमी म्हणजे ब्लिट्झ, रॅपिडपेक्षा जलद प्रकार. हॉलचं भाडं, एका दिवसात आठ राउंड, सगळं कळतंय, पण निदान चालीमागं पाच-दहा सेकंद वाढवून द्या, डिजिटल घड्याळात ती सोय असतेच. नाहीतर एंडगेम येतो तेव्हा पोरं पटाकडं नाही, घड्याळाकडं बघत असतात.

आणि आता ती पेपरची तक्रार. रविवारी शब्दकोड्याशेजारी चार बोटं जागा द्या, आठवड्याला एक पोझिशन, उत्तर त्याच पानावर उलटं छापू नका, पुढच्या रविवारी द्या. पहिली मीच पाठवतो, रिचर्ड रेटीची 1921 सालची. पांढरा राजा एच 8, प्यादं सी 6. काळा राजा ए 6, प्यादं एच 5. चाल पांढऱ्याची, बरोबरी करून दाखवायची. काळ्याचं प्यादं पळतंय, आपला राजा लांब, आपलं प्यादं त्याच्या राजाच्या तोंडात. आमच्या वर्कशॉपमध्ये दोघांनी 'मेलं हे' म्हणून सोडून दिलंय, मास्तरांनी चहा संपायच्या आत सोडवलं, पोरगी अजून बसलीय.

आपला,
एक लेथवाला
मंगळवार पेठ, कोल्हापूर