सांगलीत ऐकायला काय आहे?

सांगली,
दि. ९ नोव्हेंबर

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू सांगलीच्या शाखेत बदली मिळत असल्याचे सांगितलेस आणि पाठोपाठ म्हणालीस, "आई, नोकरीचे जमेल गं, पण शनिवार-रविवारी मी तिथे ऐकायचे काय?" पुण्यात गेल्या तीन वर्षांत तुला लहान मंचांवर स्वतःची गाणी गाणाऱ्या मुलामुलींची किती गोडी लागली आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून तो प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. फोनवर मात्र नीट उत्तर देता आले नाही. रात्रभर तेच मनात घोळत राहिले, तेव्हा सकाळचा चहा झाल्याबरोबर लिहायला बसले आहे.

पुण्याएवढे कार्यक्रम इथे होत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. दर आठवड्याला नव्या गायकांसाठी दिवे लागतील असे एकही ठिकाण सांगलीत माझ्या पाहण्यात नाही. कधी कुणाच्या गच्चीवर, कधी एखाद्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत, कधी कॉलेजच्या आवारात मुले जमतात, आणि त्याची बातमी जाहिरातीने नव्हे तर एकमेकांच्या तोंडून किंवा फोनवरच्या निरोपाने पोहोचते. दोन महिने काही नसते, मग एकाच आठवड्यात दोन कार्यक्रम येतात. पण मी गेली चार-पाच वर्षे जिथे बोलावणे आले तिथे जात आहे, आणि त्या संध्याकाळींनी मला जे दिले ते मोठ्या सभागृहात क्वचितच मिळाले.

गेल्या मे महिन्यातली एक संध्याकाळ सांगते. विश्रामबागेतल्या एका गच्चीवर तीस-पस्तीस माणसे सतरंजीवर बसली होती. ध्वनिक्षेपक नव्हता, एक मुलगा गिटार घेऊन आणि दुसरा लाकडी पेटीसारख्या कहोनवर बसून वाजवत होता. तिसरे गाणे गिटारवाल्या मुलाने २०१९ च्या महापुरावर म्हटले. पाणी कसे चढले याचे वर्णन त्यात जवळजवळ नव्हते. होती ती त्याच्या आजीची बाजाची पेटी, जी माळ्यावर चढवायची राहून गेली, आणि पाणी ओसरल्यावर जिच्या पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. माझ्या शेजारी गावभागातले एक गृहस्थ बसले होते. गाणे संपल्यावर ते टाळ्या वाजवायचे विसरले आणि हळूच म्हणाले, "आमच्या भिंतीवर अजून ती रेघ आहे." तू त्या दिवसांत पुण्याहून सारखे फोन करत होतीस, रस्ते बंद असल्यामुळे तुला येता येत नव्हते, ते सगळे मला त्या क्षणी आठवले. ते गाणे पुण्यातही चांगलेच वाटेल, यात मला शंका नाही. पण ज्यांच्या घरात ते पाणी शिरले होते त्यांच्या मांडीला मांडी लावून ते ऐकणे निराळे, आणि ते निराळेपण मिळवायला इथेच यावे लागते.

कार्यक्रम संपल्यावर कुणी उठले नाही. चहा आला, त्या मुलाने एका कडव्यातला शब्द आपल्याला अजून खटकतो असे सांगितले, आणि एका निवृत्त शिक्षिकेने त्याला बोलीतला दुसरा शब्द सुचवला. पुढच्या खेपेला त्याने तोच शब्द गायला. गाणे घडताना आपण तिथे असणे ही चैन मोठ्या शहरात सहजी परवडत नाही, असे मला मनापासून वाटते.

स्वतःचे गाणे स्वतः रचायचे, आपला संच आपणच उभा करायचा आणि गावोगाव जाऊन लोकांसमोर उभे राहायचे, ही आपल्या जिल्ह्याला नवी गोष्ट आहे असेही समजू नकोस. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. कुलकर्णीपण सोडून ते लावणी रचत तमाशाच्या फडात शिरले, आणि त्या काळी त्याची काय किंमत मोजावी लागली असेल याची कल्पना आपण करू शकतो. अण्णा भाऊ साठे १९२० साली त्याच तालुक्यातल्या वाटेगावी जन्मले आणि १९४४ मध्ये शाहीर अमर शेख व गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. काळू-बाळूंचा तमाशा तर आपल्या शेजारच्या कवलापूरचा. तुझे आजोबा त्यांच्या सवाल-जवाबांची नक्कल करायचे ते तुला आठवत असेल. ह्या मंडळींच्या मागे ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी उभी नव्हती. समोर बसणारे लोक हाच त्यांचा आधार होता. गच्चीवरची मुले मला याच वाटेवरची वाटतात, हातात डफाऐवजी गिटार असली तरी.

चार दिवसांपूर्वीच रंगभूमी दिन झाला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक याच गावात उभे केले, म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, हे तू शाळेत असल्यापासून ऐकत आली आहेस. नव्या मुलांना मात्र अशा सोहळ्यांमध्ये जागा कशी मिळते हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागे एका संस्थेने चार तरुण गायकांना मोठ्या कौतुकाने बोलावले, आणि पाहुण्यांची भाषणे लांबली तशी त्यांची वेळ पाऊण तासावरून बारा मिनिटांवर आणली. तंबोरा जुळवेपर्यंतच त्यातली चार मिनिटे गेली. मानधनाचा विषय कुणी काढला नाही, मुलांनीही संकोचाने काढला नाही. मला त्या रात्री फार वाईट वाटले. तेव्हापासून मी गच्चीवरच्या कार्यक्रमातही पाकिटात पैसे घालूनच जाते, आणि तूही तसेच करावेस.

आता मिरजेविषयी. तू लहानपणी दर्ग्यात माझ्या मांडीवर झोपून जायचीस. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासजवळच्या एका लहान स्टेशनावर गेले आणि त्यांना आणून मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. तिथे उरुसात गवई-वादक हजेरी लावायला येतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही गाणे होते. तिथे नावाजलेल्या कलावंतांच्या आधी गावातली शिकाऊ मुलेही गातात, आणि मी मुद्दाम त्यांच्यासाठी लवकर जाते. ख्याल आणि गिटार ही दोन वेगळी जगे आहेत असे तू म्हणशील. मलाही तसे वाटत होते.

पण गेल्या महिन्यात माझा तंबोरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेले होते, कारण त्याची जवारी, म्हणजे तारेला गुंजता आवाज देणारी घडण, गेली होती आणि तारा नुसत्या कोरड्या वाजत होत्या. कारागिराने घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, हलकेच कानस फिरवली, फुंकर मारून भुकटी उडवली, पुन्हा तार लावून छेडली, पुन्हा उतरवली. असे सात-आठ वेळा झाले. मग सुताचा बारीक दोरा तार आणि घोडी यांच्यामध्ये घालून तो केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे सरकवत राहिला, आणि एका जागी अचानक तो आवाज उमलला ज्यासाठी माणसे दूरदूरहून मिरजेला येतात. शेजारी स्टुलावर कोण बसले असेल? महापुराचे गाणे म्हणणारा तोच मुलगा. त्याला आपल्या नव्या गाण्यामागे तंबोऱ्याची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा सूर, हवी होती, यंत्रातली नको होती, म्हणून तो आठवडाभर रोज येऊन जवारी कशी काढतात ते पाहत होता. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा किती महिने वाळवावा लागतो इथपासून सगळे त्याने विचारून घेतले होते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आपण वाचली आणि आनंद मानला; त्या मुलाने ती वाद्ये आपल्या गाण्यात आणायचे ठरवले. पुण्यात राहून हे गाणे त्याला सुचले असते का, मला सांगता येणार नाही, पण इथून गल्ली दहा किलोमीटरवर आहे म्हणून तो रोज सिटी बसने जाऊ शकला, एवढे खरे.

तू आलीस तर एकटीने ऐकायची वेळ तुझ्यावर येणार नाही. सवय मात्र थोडी बदलावी लागेल. इथे कार्यक्रम शोधत जावे लागते, ओळख काढावी लागते, वेळेआधी जाऊन सतरंजी अंथरायला हात लावावा लागतो, आणि पहिले गाणे कच्चे निघाले तरी दुसऱ्यासाठी थांबावे लागते. गेल्या वर्षी एका मुलीचा आवाज पहिल्या दोन गाण्यांत कापत होता. तिसऱ्या गाण्याला ती डोळे मिटून अशी काही गायली की मी घरी येईपर्यंत बोलले नाही. दोन गाण्यांनंतर उठून गेलेल्या चौघांना ते मिळाले नाही. बदली घ्यायची की नाही हे सर्वस्वी तुझ्या कामावर आणि पुढच्या वाटेवर ठरव. माझ्या एकटेपणाचा हिशेब त्यात धरू नकोस. फक्त "तिथे ऐकायला काही नाही" हे कारण त्यातून काढून टाक, एवढीच माझी विनंती आहे.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हरिपूर रस्त्यावरच्या एका वाड्यात त्या मुलाचा कार्यक्रम आहे, आणि त्याने माझा तंबोरा मागितला आहे. मी हो म्हटले आहे. एवढे मोठे वाद्य रिक्षातून सांभाळून न्यायला मला दुसरे माणूस लागेल, तेव्हा शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने निघ. सकाळी हरिपूरच्या संगमेश्वराच्या देवळात जाऊन येऊ, कृष्णा-वारणेचा संगम पाहू, दुपारी तू तारा जुळवायला बस. तुझा हात पूर्वी चांगला होता.

तुझी,
आई