शीर्षकातच दडलेला तराळ

महोदय,

अकरावीतली माझी भाची परवा गाइडमधून घोकत होती, ‘आत्मचरित्रातील उपरोध, श्लेष, प्रतिमा.’ व्याख्या तोंडपाठ, पण मूळ आत्मचरित्र एकही वाचलेलं नाही. जिवाला लागलं. वाचनालयातून शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ आणून तिच्यापुढे ठेवलं.

आटपाडी आपल्याच सांगली जिल्ह्यातली. तिथल्या तराळाचा, म्हणजे गावकीची कामं करणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गावनोकराचा, हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. मुखपृष्ठावरच्या ‘अंतराळ’मधला ‘अं’ मी अंगठ्याने झाकला. खाली उरलं ‘तराळ’! पोरगी गप्पच झाली. आभाळ गाठलं तरी बापाचं काम त्या शब्दाच्या पोटात तसंच आहे. एका शब्दात दोन अर्थ, हा श्लेष तिला तिथेच कळला. उपरोधही कळला: ज्यांना सावलीचाही विटाळ व्हायचा, त्यांच्या मुलांना पदवी द्यायला तराळाचाच मुलगा उभा. लेखकाला तो ओढूनताणून आणावा लागलेला नाही, जगण्यातच होता. (रात्री तिने पुस्तक उशाशी घेतलं होतं.)

मराठीच्या शिक्षकांना हात जोडून विनंती आहे, अलंकारांच्या याद्या नंतर द्या. आठवड्यातून एक तास तरी मूळ पानं वर्गात मोठ्याने वाचा, आणि मुलांनाही वाचायला लावा.

– एक वाचक, विटा (जि. सांगली)