हॅगलर सातवा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतली बॉक्सिंगमधल्या 'सर्वकालीन दहा मिडलवेट'ची यादी वाचली. क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्या खेळाला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आधी आभार मानतो. आता मुद्द्यावर येतो.

शुगर रे रॉबिन्सन पहिला, त्यावर वाद नाही. कार्लोस मॉन्झॉन दुसरा, तेही ठीक. हॅरी ग्रेबच्या एकाही लढतीची फिल्म आज पाहायला मिळत नाही, तरी तिसरा. पण ज्याने 1922 मध्ये जीन टनीला त्याच्या कारकिर्दीतला एकमेव पराभव दाखवला, त्याला कुठेही बसवा, मी बोलणार नाही. चौथ्या हॉपकिन्सने वीस वेळा विजेतेपद राखले. इथवर चहा गार झाला नव्हता. मग पाचवा शुगर रे लेनर्ड आणि सातवा मार्विन हॅगलर!

लेनर्ड थोर बॉक्सर होता हे मला शिकवू नये. पण तो थोर होता वेल्टरवेटमध्ये, म्हणजे मिडलवेटहून हलक्या वजनगटात. मिडलवेटचे जगज्जेतेपद त्याने एकदाच जिंकले, 6 एप्रिल 1987 ला, हॅगलरविरुद्ध, तेही पंचांच्या दोन विरुद्ध एक मतांनी. जिंकल्यावर ते एकदाही राखले नाही. परतीची लढत दिली नाही, निवृत्ती जाहीर करून मोकळा झाला. पुढे या वजनात उतरला तो थेट 1997 मध्ये, कामाचोकडून पाचव्या फेरीत मार खायला. म्हणजे आपल्या परीक्षक मंडळाने एका संध्याकाळीवर पाचवा क्रमांक दिला. आणि ज्याने 1980 पासून ते विजेतेपद बारा वेळा राखले, तो सातवा.

हॅगलरला कोणी काही फुकट दिले नाही. 1979 मध्ये तेव्हाचा जगज्जेता अँटुओफेर्मो याच्याविरुद्ध बरोबरी देऊन त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये मिंटरला तिसऱ्या फेरीत संपवला, तर प्रेक्षकांनी रिंगमध्ये बाटल्या फेकल्या. नव्या जगज्जेत्या हॅगलरला पोलिसांच्या गराड्यातून बाहेर न्यावे लागले. हर्न्सविरुद्धच्या लढतीचा तर आपल्या मजकुरात उल्लेखही नाही. कपाळ फुटलेले, तोंडावर रक्त, तिसऱ्या फेरीत डॉक्टरांनी जखम तपासली, आणि लढत थांबवतील की काय या धास्तीने हॅगलरने तिथेच हर्न्सला आडवा केला. सगळा खेळ जेमतेम आठ मिनिटांचा. हे ज्याने पाहिले आहे तो हॅगलरला सातवा लिहूच शकत नाही.

आता यादीसोबतच्या चौकटीबद्दल. विजेंदरच्या 2008 च्या बीजिंग कांस्यपदकाची आठवण ठेवलीत, बरे वाटले. पण तो गट 75 किलोचा. व्यावसायिकांचा मिडलवेट 160 पौंडांचा, म्हणजे साडेबहात्तर किलो. दोन्ही एकच धरून लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी वजन उतरवलेले नाही, हे उघड आहे. आम्ही 75 च्या गटात खेळायचो. वजनाच्या आदल्या दिवशी तोंडात फक्त लिंबाची फोड. भर उन्हात स्वेटरवर रेनकोट चढवून तलावपाळीला फेऱ्या मारायच्या, बाकावरचे आजोबा विचारायचे, "काय रे, पाऊस येणारे का?" रात्री रेशन दुकानदाराच्या हातापाया पडून पोत्यांच्या काट्यावर उभे राहायचे. मग कुठे दुसऱ्या दिवशी काटा पंच्याहत्तरला टेकायचा. त्याखाली आणखी अडीच किलो? विचारा कोणालाही.

अशाच एका आंतरजिल्हा स्पर्धेत माझी गाठ आयोजकांच्याच क्लबातल्या मुलाशी पडली. दुसऱ्या फेरीत माझ्या डाव्या हुकवर तो गुडघ्यावर आला, रेफरीने आठपर्यंत मोजले. नेमके तेव्हा कोपऱ्यातले पंच पाठ वळवून वडापाववाल्याकडून सुटे पैसे घेत होते. मी स्वतः पाहिले, कारण मला न्यूट्रल कॉर्नरला उभे केले होते आणि ते माझ्या पुढ्यातच बसले होते. निकाल तीन विरुद्ध दोन, त्याच्या बाजूने. तेव्हा गुण चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी थेट आयोजकांच्या खिशात. आमचे सर म्हणाले, "आता कपडे कर, गाडी चुकेल." एवढेच. त्या निकालावर त्या मुलाला पुढे नोकरीही लागली. त्याचा राग नाही, गरजू होता. वडापावचा आहे.

म्हणून कोपरीच्या आमच्या चाळीत भाड्याच्या व्हीसीआरवर हॅगलर-लेनर्ड लढत पाहिली तेव्हा बाकीचे लेनर्डच्या पायांवर खूश होते आणि मी गुणांवर अडलो होतो. गुएरा नावाच्या पंचाने लेनर्डला 118-110 ने जिंकवले. म्हणजे बारांपैकी दोनच फेऱ्या हॅगलरच्या! दुसऱ्या पंचाने हॅगलरला 115-113 ने जिंकवले होते. एकच लढत पाहत होते ना दोघे? हॅगलर त्यानंतर पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही, इटलीला निघून गेला. 2021 मध्ये वारला तेव्हा आपल्या अंकात दोन ओळी आल्या होत्या, त्याही शेअर बाजाराच्या खाली.

जाता जाता, यादीचा तक्ता पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत छापण्याची कल्पना कोणाची? मला भिंग घ्यावे लागले. आणि आमच्या जिल्हा स्पर्धेचे निकाल दर वर्षी आपल्या कार्यालयात हातोहात आणून दिले जातात, पोच घेतली जाते, ते एकदाही छापून आलेले नाहीत. पिवळ्यावर पांढरे छापलेत तरी चालतील.

पुढच्या रविवारी वेल्टरवेटची यादी येणार असे खाली लिहिले आहे. तिथे लेनर्डला खुशाल दुसरा करा, माझे पत्र येणार नाही.

आपला,
एक माजी मिडलवेट (75 किलो)
कोपरी, ठाणे (पूर्व)