आबा, ते खड्डे आम्ही बुजवले

आबा, रामराम.

हे पत्र तुमच्या नातवाच्या फोनवर पाठवतेय. त्याला बजावलंय, सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस. सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण आमचं कौतुकही सगळ्यांसमोर झालं. ‘शाळकरी पोरांनी माळ वाचवला’ असं म्हणत आम्हाला शाल-नारळ दिले, फोटो काढले. तुम्ही तेव्हा मेंढरांमागं होतात. कुणी बोलावलंच नव्हतं तुम्हाला, आणि आम्हीही ते लक्षात आणून दिलं नाही. ते अजून टोचतं.

सातवीत होते तेव्हा, २० सप्टेंबर २०१९ ला, जगभरची पोरं हवामानासाठी शाळा सोडून रस्त्यावर उतरलेली मी मावशीच्या मोबाइलवर पाहिली. त्याच पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम होती. आम्हाला वाटलं, पर्यावरण म्हणजे झाडं आणि झाडं म्हणजे खड्डे. दहावीत गेल्यावर आम्ही अकरा जणांनी गट केला आणि गावच्या गायरानावर तीनशे रोपं लावायचं ठरवलं. रोपं मिळाली ती गुलमोहर, गिरिपुष्प आणि सुबाभूळ. आपल्या इंदापूरकडच्या पावसात ती जगणार कशी, हे आम्ही विचारलं नाही. देणाऱ्यानंही सांगितलं नाही.

जूनचा पहिला आठवडा होता. एकोणीस खड्डे झाले होते. विसाव्याला मी टिकाव उचलला आणि मागून तुमची हाक आली, “पोरी, थांब. हितं मारू नगंस.”

मला आधी रागच आला. आमच्या वहीत ‘माळाचे शत्रू’ असं पान होतं आणि त्यावर पहिलं नाव मेंढरांचं होतं. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच वाटलं, हे म्हातारबाबा चराईसाठी आडवे येतायत.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. काठीचं टोक माझ्या पायापासून हातभर अंतरावर नेलंत. तिथं मला आधी नुसती खडीच दिसली. मग खडीतले चार दगड अंडी झाले. मातकट, काळ्या ठिपक्यांची, टोकं आत करून ठेवलेली. वर टिटवी केव्हापासून ओरडत होती, आम्ही ते गाणं समजून ऐकत होतो. “चार हायती. चार म्हयने पाऊस,” तुम्ही म्हणालात. त्या वर्षी पावसानं काय केलं ते जाऊ द्या, पण ती अंडी फुटली नाहीत, हे तुमच्यामुळं.

मग तासभर तुम्ही आम्हाला माळ दाखवलात. आम्ही सगळ्याला ‘गवत’ म्हणत होतो. तुम्ही बोटानं वेगवेगळं करून दिलंत. ही मारवेल, ही पवन्या, हा शेडा, ही कुसळी. कुसळी कोवळी असते तोवर मेंढरू खातं, एकदा कुसळ धरलं की तोंड लावत नाही. दिवाळीनंतर माझ्या मोज्यांतून आईनं ती कुसळं एकेक करून काढली तेव्हा मला ते पटलं. झाडं दाट झाली की खालचं गवत मरतं, गवत गेलं की चंडोल जातो, ससा जातो, चिंकारा जातो आणि मग लांडगा वस्तीत शिरतो, असंही तुम्ही सांगितलंत. लांडग्यानं तुमची कोकरं नेली आहेत. तरी तुम्ही त्याला शिवी दिली नाहीत. “त्योबी हितलाच,” एवढंच.

पुढं मी वाचलं, तर सरकारी नकाशातसुद्धा असे माळ कितीतरी ठिकाणी ‘पडीक’ म्हणूनच धरलेले. म्हणजे चूक एकट्या आमची नव्हती. तेवढंच बरं वाटलं.

त्या तासातच सर आली. आडोसा कुठं नव्हताच. तुम्ही खांद्यावरचं घोंगडं काढून मला आणि सुमीला दिलंत आणि स्वतः मेंढरांत जाऊन उभे राहिलात.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकोणीस खड्डे बुजवले. खणण्यापेक्षा बुजवायला जास्त लाज वाटते, येणारेजाणारे विचारतात ना. गिरिपुष्प आणि सुबाभूळ परत केली. गुलमोहर शाळेच्या आवारात लावले, तिथं निदान पाणी घालता येतं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेचं मात्र सविस्तर लिहिते, कारण तुम्ही तिथं काय केलंत हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही हवी, म्हणजे गावातली झाडं, गवतं, प्राणी-पक्षी लिहून ठेवायची वही. आपल्याकडं नोंदवही होती, पण माळाचं पान कोरं. ते आम्हाला भरू द्या आणि गायरानावर मेलेल्या कोंबड्या टाकणं बंद करा, एवढ्या दोन मागण्या घेऊन आम्ही गेलो. कोंबड्यांवर भटकी कुत्री जमायची आणि तीच टोळी ससे, कोकरं धरायची. कोंबड्यांचा विषय निघाला तशी सभा गरम झाली. “पोरांनी अभ्यास करावा,” असं कुणीतरी म्हणालं आणि माझा आवाजच गेला.

तुम्ही मागं, दाराशी उकिडवे बसला होतात. मेंढरं आजीवर सोपवून आला होतात, हे मला नंतर कळलं. उठलात आणि म्हणालात, “पोरं खोटं बोलत न्हाईत. माझी पाच कोकरं कुत्र्यांनी खाल्ली. लांडग्यानं दोन.” खाली बसलात. कोंबड्या खड्ड्यात पुरायचं त्याच सभेत ठरलं. आठवडाभरात कुणी पाळलं, कुणी नाही, पण ठरलं तर खरं. माळाचं पान आता भरलंय. त्यात गवताची चौदा नावं आहेत, सगळी तुमच्या तोंडची. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव मी स्वतः लिहिलं.

मी आता पुण्यात शिकते. गटात सध्या आठवी-नववीतली पोरं आहेत. जूनमध्ये टिकाव न घेता ती माळावर फिरतात आणि टिटवीची घरटी मोजतात. गेल्या खेपेला त्यांनी सात मोजली. तुम्ही म्हणाल, डोळे उघडे असते तर दहा दिसली असती.

आबा, उपकार झाले, हे तोंडावर म्हणायला जमलं नसतं. तुम्ही “हं” करून मेंढरांकडं वळला असता.

दिवाळी झाली तसा तुमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता तळ, पश्चिमेला गेला असेल, भातखाचरांत मेंढरं बसत असतील. घोंगडं अजून आमच्याकडंच आहे. आई दर उन्हाळ्यात वाळवते आणि दर वेळी विचारते, हे कुणाचं. पावसाच्या तोंडाला परत याल तेव्हा नातवाला फोन करायला सांगा. घेऊन येते.

तुमची,
विसाव्या खड्ड्यावरची पोरगी