टाकल्या जाणाऱ्या बाळांसाठी तालुक्याच्या दवाखान्यात पाळणा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी दर आषाढीला पंढरपूरला जाते. त्याच पंढरपुरात टाकलेल्या मुलांना आसरा देणारा वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम आहे, हे आपल्याकडच्या फार थोड्या वारकऱ्यांना ठाऊक असते. 1875 साली लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी तो उभा केला. विधवेला पुनर्विवाहाची मुभा देणारा कायदा 1856 सालीच झाला होता, पण गर्भार राहिलेल्या विधवेला घरात थारा नव्हता; मूल मारायचे किंवा टाकायचे, एवढेच तिच्या हाती उरे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुम्हीच ठरवा, असे बायांना उघड सांगितले. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतले.

आज कायदा त्याहून पुढे गेला आहे, पण आमच्या गावांपर्यंत पोचलेला नाही. मूल सांभाळणे शक्य नसेल तर आई ते बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) लेखी सुपूर्द करू शकते आणि विचार बदलायला तिला 60 दिवस मिळतात. तरीही बाळ वावराच्या धुऱ्यावर नाहीतर नाल्याकाठी सापडते, आणि त्यानंतरचा पहिला तास चुकतो. कोणी त्याला आंघोळ घालते, कोणी मध चाटवते, कोणी गाईचे दूध पाजते. बाळ गारठते, दूध श्वासनळीत जाते. खरे तर अंग कोरडे पुसावे, डोके झाकावे, उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे, तोंडात काही घालू नये, नाळेला हात लावू नये आणि 108 ची गाडी बोलवावी. 1098 या बालमदत क्रमांकावर किंवा 112 वर कळवावे. बाळासोबतचे फडके, दोरा, चिठ्ठी टाकून देऊ नये. जागा आणि वेळ पोलीस पाटलाकडून लिहून घ्यावी. हे मूल मोठे होऊन आपले मूळ शोधू लागले, तर हाती लागणारा धागा तेवढाच असतो.

प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बाळ बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. दोन वर्षांखालचे मूल आजारी असेल तर त्याच मुदतीत लेखी अहवाल आणि फोटो पाठवून, बरे झाल्यावर नेले तरी चालते. इथेच गावातला मोठा घोटाळा होतो: शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून बाळ परस्पर मूलबाळ नसलेल्या जोडप्याला दिले जाते. सापडलेले मूल देण्याचा अधिकार ना ज्याला ते सापडले त्याला आहे ना सरपंचाला. तो गुन्हा तर आहेच, शिवाय पुढे जन्मदाखल्यापासून वारसाहक्कापर्यंत मूल अडकत जाते. रीतसर नोंद झालेल्या अनाथ मुलाला मात्र राज्याच्या 2018 च्या निर्णयाने शिक्षण आणि नोकरीत 1 टक्का आरक्षणाचा दावा करता येतो.

आमची मागणी पाळण्याची आहे, म्हणजे आईला बाळ सुखरूप ठेवून जाता येईल अशा जागेची. दत्तक संस्थांनी जवळची रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे इथे पाळणे ठेवावेत, असे दत्तक नियम सांगतात. पण या संस्था बहुतेक जिल्ह्याच्या गावी, आणि त्यांचे 'जवळ' तिथेच संपते. मेळघाटातली बाई रात्री घाट उतरून अमरावतीला कशी पोचणार? म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या बाजूच्या दाराशी, मुख्य फाटकाच्या कॅमेऱ्यापासून दूर, छपराखाली पाळणा असावा. बाळ ठेवल्यावर दोन-तीन मिनिटांनी प्रसूती कक्षात वाजेल अशी घंटा हवी. लगेच वाजली तर धावपळ उडेल या भीतीने बाई तिकडे फिरकणार नाही. वीज गेली तरी घंटा चालावी म्हणून बॅटरी हवी आणि ती दर आठवड्याला तपासण्याचे काम एका परिचारिकेच्या नावावर हवे. नाइलाजाने मूल सोडणाऱ्या आईबापांना बालन्याय कायद्यातली शिक्षा लागू होत नाही, ही ओळ तिथल्या पाटीवर मराठीत आणि कोरकूत लिहावी.

आशाताई गरोदर बाईच्या घरी जातातच. त्यांच्या प्रशिक्षणात हा विषय अर्धा तास घ्यावा आणि बालकल्याण समितीचा फोन नंबर प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवावा, अशी जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या दैनिकातून विनंती.

आपले,
ग्राम बाल संरक्षण समितीचे काही सदस्य,
जि. अमरावती